मुनीर सर, त्या 'रॅक'चं काय करायचं?

मुनीर सर,

बुधवारी सकाळी नसरीनचा फोन आला तेव्हा माझ्या हातात आपल्या कोशाचं शेवटचं प्रूफ होतं. 'आंटी, अब्बा नहीं रहे,' एवढंच तुमची लेक बोलली. मी 'बरं' म्हणाले. दूधवाल्यानं उद्या येणार नाही म्हणून सांगावं आणि आपण म्हणावं, तसं 'बरं'. फोन टेबलावर ठेवला आणि हातातलं पान शेवटपर्यंत तपासलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, एक पूर्णविराम घातला. मग उठले आणि घरभर चपला शोधत फिरले. पाच मिनिटांनी लक्षात आलं की त्या पायातच आहेत.

जे शुक्रवारी तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं ते आता असं लिहून सांगावं लागतंय. सोमवारी मी तुमची सही केली. 'रॅक' या शब्दाच्या कार्डावर, हिरव्या शाईनं, तुम्हाला न विचारता. शुक्रवारी तीन वाजता छावणीत तुमच्या घरी येऊन सांगणारच होते. कसं सांगायचं तेसुद्धा ठरवलं होतं. आधी इकडची तिकडची चौकशी करायची, मग भाभींचा चहा आला की तुमच्या हातात गरम कप असतानाच सांगायचं, म्हणजे तुम्हाला हातवारे करता येणार नाहीत. आणि तुम्ही बुधवारीच गेलात. हा काय प्रकार आहे, सर? एका शब्दाच्या एका छटेसाठी तुम्ही मला चार वर्षं ताटकळत ठेवलंत आणि स्वतःला मात्र दोन दिवस थांबवलं नाही.

आपला नियम तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तो मोडला मी, तेव्हा म्हणूनही दाखवायला हवा मीच. एका शब्दाला एक कार्ड. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी अर्थ, आणि उजव्या कोपऱ्यात दोन सह्या. तुमची हिरवी, माझी निळी. दोन्ही असतील तरच शब्द कोशात जाणार. एकच असेल तर कार्ड बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, आणि तो डबा उघडायचा फक्त शुक्रवारी, तुमची जुम्म्याची नमाज आणि जेवण झाल्यावर. तुम्ही इंग्रजीचे, मी मराठीची. सिल्लोडच्या एकाच शाळेत आपण शिकवलं, एकाच एसटीनं वर्षानुवर्षं गेलो-आलो, आणि तुम्ही निवृत्त झालात त्या आठवड्यात हे खूळ काढलंत. आपल्या तालुक्यातल्या पोरांना परवडेल आणि समजेल असा छोटा इंग्रजी-मराठी कोश. मी म्हणाले होते की वर्षभरात होईल. नऊ वर्षं लागली. डब्यातली कार्डं एकेक करून निघत गेली आणि शेवटी तळाशी एकच उरलं.

सोमवारी प्रेसमधून काळ्यांचा फोन आला. सगळी पानं लागली आहेत, एक कार्ड कमी आहे, आज दिलं नाही तर मशीन शाळांच्या वह्यांना द्यावं लागेल, मग थेट दिवाळीनंतर. तुम्हाला फोन करायला एक मिनिट लागलं असतं. केला नाही, कारण तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत होतं. 'शुक्रवारी बघू, बाई.' मला नऊ वर्षांचा कंटाळा आला होता, सर. खरं कारण तेवढंच आहे. कोरं कार्ड घेतलं, 'नाश, पडझड' असा माझा अर्थ लिहिला, खाली माझी सही केली, आणि तुम्ही कधीतरी माझ्याकडे विसरलेलं हिरवं पेन काढून तुमची केली. पहिल्याच झटक्यात जमली. इतकी वर्षं शेजारी बसून बघत होते, जमणारच.

पण एवढ्यावर हे थांबलेलं नाही. गुरुवारी मी काळ्यांना फोन केला, सर गेले म्हणून सांगायला. ते बिचारे हळहळले आणि म्हणाले, 'अहो, मंगळवारी तर इथं बसून गेले.' मुखपृष्ठ बघायला आला होतात म्हणे. बघितलंत, पसंत केलंत, आणि सहज म्हणून शेवटची कार्डं मागितलीत. सगळ्यात वर तेच होतं. काळे म्हणाले की सरांनी ते कार्ड उजेडात नेऊन पाहिलं, 'हे कधी आलं?' म्हणून विचारलं, काल मॅडमनी पाठवलं असं सांगितल्यावर परत जागेवर ठेवलं, आणि चहा मागवला होता तो न घेताच निघाले.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मंगळवारी दुपारी कळलं आणि तुम्ही मला फोन केला नाहीत. तुम्ही, जे 'ळ' की 'ल' एवढ्यासाठी भर लग्नात मला मांडवाबाहेर बोलावून घ्यायचात. गुरुवारपासून मी त्या एका दुपारीत अडकले आहे. औरंगपुऱ्यातल्या प्रेसमधून छावणीपर्यंत तुम्ही काय विचार करत गेलात? बाईंनी फसवलं, असं? नऊ वर्षांत अजून किती सह्या अशाच केल्या असतील, असं? तुम्ही हे मनात घेऊन गेलात का, एवढंच मला कोणीतरी सांगा. देवाशप्पथ, ती एकच होती.

आणि सगळं झालं एका अशा शब्दासाठी, जो आपल्या पोरांना आयुष्यात दोनदासुद्धा भेटणार नाही. तुम्हाला तो वर्गातल्या एका मुलीनं दिला होता. धड्यात 'रॅक अँड रुइन' असं आलं होतं, आणि तिनं उभं राहून विचारलं की सर, रुइन म्हणजे नाश, तर मग हे रॅक काय? एकदा नाश झाल्यावर परत कशाला करायचा? सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. पुस्तकं ठेवायच्या रॅकशी याचा काही संबंध नाही, एवढंच तिला सांगितलंत, बाकीचं उद्या सांगतो म्हणालात, आणि तो उद्या यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात तुम्ही शहरातली दोन ग्रंथालयं पालथी घातलीत.

मग एसटीत खिडकीशी बसून मला सगळी कुळकथा ऐकवलीत. रॅक हा फार जुना शब्द. समुद्राकाठच्या लोकांचा. जहाज फुटलं की त्याच्या फळ्या, दोर, पिंपं लाटांबरोबर किनाऱ्याला लागायची, त्याला म्हणायचे रॅक. पुढं समुद्र जे शेवाळ काठावर टाकतो त्यालाही तेच नाव पडलं, आणि तिथले शेतकरी ते शेवाळ गाड्या भरभरून नेऊन शेतात खत म्हणून घालायचे. हे सांगताना तुम्ही इतके खूश होतात की कंडक्टरसुद्धा उभा राहून ऐकत होता. पण तुमचा जीव अडकला तो त्याच्याही खालच्या थरात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याच कुळातला एक शब्द होता, त्याचा अर्थ जहाज नाही, भिंत नाही, काहीच मोडणं नाही. त्याचा अर्थ हाकलून दिलेल्या माणसाचे हाल. मूळ धातूच हाकलण्याचा. अभागी माणसाला इंग्रजीत 'रेच' म्हणतात तोही याच घरातला, आणि तोही मुळात हद्दपार केलेला माणूसच. 'बघा बाई,' तुम्ही म्हणालात, 'पहिल्यांदा माणूस जातो. पडझड लई नंतर होते.'

मी तेव्हाही वाद घातला होता. मी म्हणाले, समुद्राचा शब्द शेजारच्या डच मुलखातून आला आणि हद्दपारीचा घरचा होता. दोन चुलतभाऊ एका नावानं ओळखले जायला लागले, म्हणून त्यांची एकच सरळ वंशावळ होत नाही. ते तुम्ही मान्य केलंत, तोंड वाकडं करून का होईना. मान्य केलं नाहीत ते पुढचं. मला मुलांसाठी एक ओळ हवी होती. नाश, पडझड, संपलं. तुम्हाला पाच ओळी हव्या होत्या आणि त्यांच्या सुरुवातीला हवा होता 'बेचिराख'.

तो बेचिराख तुम्ही तुमच्या वडिलांकडून आणला होता. ते सिल्लोडच्या तहसिलीत कारकून, जुनी दप्तरं हाताळणारे. त्या दप्तरांत काही गावांपुढं शेरा असायचा, बेचिराग. चिराग नाही ते. लहानपणी तुम्ही त्यांना विचारलं होतं की गाव जळालं का, आणि ते म्हणाले होते की नाही, गाव आहे तसंच आहे. मला तुम्ही ते सांगितलंत ते अजून कानात आहे. 'नोंद आहे, शिवार आहे, भिंतीसुद्धा उभ्या असतात बाई. फक्त सांजच्याला दिवा लावणारं कोणी नाय.' मी म्हणाले, छान आहे, पण आज बेचिराख म्हटलं की पोरांना त्यात राख दिसते, बाँब पडलेलं शहर दिसतं, आणि शब्दाचा अर्थ लोक वापरतात तोच. तुम्ही म्हणालात, मग कोश कशाला छापता, सिल्लोडच्या बाजारात उभं राहून ऐका की. त्या शुक्रवारी भाभींनी मध्ये पडून चहा दिला नसता तर आपण डबा एकमेकांच्या डोक्यात घातला असता.

मक्केला उमराह करून आलात तेव्हा माझ्यासाठी खजूर आणलेत, आणि खजुरांच्या पुड्यात रुमालात बांधलेलं काहीतरी काळपट, वाळकं. जेद्दाच्या किनाऱ्यावरून उचललेलं शेवाळ. 'घ्या, रॅक,' म्हणालात. सगळे लोक तिथून पाणी आणतात, तुम्ही माझ्याशी भांडायला पुरावा आणलात. मी तो जपून ठेवलाय असं तुम्हाला नेहमी सांगत आले. नाही ठेवला, सर. त्याला असा वास मारायचा की आमच्या कामाच्या मावशींनी पंधरा दिवसांत उकिरड्यावर टाकला, आणि मला बरंच वाटलं. हेही सांगायचं राहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वाईट वाटतंय तर डब्यातलं माझं कार्ड काढा आणि करा त्यावर सही. त्या कार्डावर तुमची खरी हिरवी सही चार वर्षं पडून आहे. माझी निळी केली की नियमही पाळला जातो आणि तुमची इच्छाही पुरी होते. प्रूफांच्या कामासाठी डबा हल्ली माझ्याकडेच असतो, तेव्हा गुरुवारी सकाळी मी ते कार्ड समोर घेऊन बसले होते. पेनाचं टोपणही काढलं होतं. आणि तुम्हीच आडवे आलात.

आमचे हे गेले तेव्हाची गोष्ट. तेरावा होऊन दोन दिवस झाले होते आणि शुक्रवार होता. मी काही छावणीला आले नाही, म्हणून तुम्ही डबा काखेत मारून सिडकोत माझ्याकडे आलात. बसलात, डबा उघडलात, आणि माझी अडलेली अकरा कार्डं एकामागून एक काढून सगळ्यांवर मुकाट्यानं सही केलीत. मी बघत राहिले. मग माझं टाळकं सरकलं. मी ती अकराच्या अकरा कार्डं तुमच्यासमोर फाडली आणि म्हणाले, नवरा गेला म्हणून माझे अर्थ बरोबर झाले का? मला दयेची सही नको. तुम्ही खाली मान घालून निघून गेलात. पुढच्या शुक्रवारी परत आलात, अकरा नवी कोरी कार्डं घेऊन, आणि त्यातल्या नऊंवर माझ्याशी असे कडाकडा भांडलात की शेजारच्या कुलकर्णीणबाई दार वाजवून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारून गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण मानले असते तर तुम्ही चेष्टा केली असती. आता करता येणार नाही, म्हणून मानते. माझं घर तेव्हा तुम्ही उभं ठेवलंत, सर. भांडून ठेवलंत.

मग मी आता तुमच्या कार्डावर रडत रडत सही कशी करू? तुम्ही गेलात म्हणून तुमचा अर्थ बरोबर झाला का?

आणि तरी काहीतरी झालंय, तेही सांगते. बुधवारी दुपारी मी तुमच्या घरी पोचले. बाहेर पुरुष, आत बायका. मला भाभींच्या शेजारी बसवलं. दुपारनंतरच्या, असरच्या नमाजीला तुम्हाला घेऊन गेले. आम्ही बायका काही कब्रस्तानात येत नाही. दारापर्यंतसुद्धा कोणी उठलं नाही. बाहेरचे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि मग ऐकू येईनासे झाले. मी तशीच बसून राहिले आणि तुमची खोली बघत राहिले. सगळं जागच्या जागी होतं. चष्मा टेबलावर, घडी घातलेली शाल खुर्चीच्या पाठीवर, कोपऱ्यात तुमचा तो दोन खंडांचा जाडजूड कोश, खिडकीत पाणी घातलेली तुळस, जी भाभी खोकल्याच्या काढ्यासाठी लावतात. एक कपसुद्धा फुटलेला नव्हता. मी आपली वेड्यासारखी शोधत होते की कुठं काही पडलंय का, मोडलंय का. काहीच नव्हतं, आणि ते घर माझ्यानं बघवत नव्हतं.

तेव्हा मला तुमचं वाक्य आठवलं. माझा अर्थ अपुरा आहे, सर. पडझड तिथं नव्हतीच. पहिल्यांदा माणूस जातो, हे तुम्ही बरोबर म्हणत होतात. पण हे मी म्हणतेय की बुधवारपासून धड न झोपलेली बाई म्हणतेय, ते मला कळत नाही. आणि बेचिराखबद्दल मला अजूनही वाटतं की तुम्ही हट्टाला पेटला होतात. सातवीच्या पोराला त्यात दिवा दिसणार नाही. मी चार दिवस उलटसुलट करून बघितलं, नाहीच दिसत.

काल शुक्रवारी तुमची जियारत होती, तिसऱ्या दिवसाची. सकाळी कुराणपठण झालं, जेवणं झाली, माणसं पांगली. मी मुद्दाम थांबले. भाभी इद्दतीत आहेत, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, आतल्या खोलीत पलंगावर बसून होत्या. मी खाली बसले आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. कार्ड, हिरवं पेन, काळ्यांचा फोन, मंगळवार. सांगताना मला वाटत होतं की ही बाई आता माझ्याकडे बघणारसुद्धा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या की हो, मंगळवारी तुम्ही तोंड फुगवून घरी आला होतात. जेवण नको म्हणालात. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच सांगितलंत. भाभींनी ते तुमच्याच शब्दांत सांगितलं.

'"जुम्मे कू देखतूं बाई कू," बोले.'

सर, ते ऐकून मला काय झालं ते मला लिहिता येत नाही. मी माफी मागायला गेले होते. तुम्ही मला माफ केलं होतं असं भाभी म्हणाल्या असत्या तर मी कदाचित घरी येऊन शांत झोपले असते. आणि कळलं हे, की तुम्ही चिडला होतात आणि शुक्रवारची वाट बघत होतात. मला फसवी म्हणून सोडून दिलं नव्हतंत. फोनवर बोलून वाया घालवण्यासारखं ते भांडण नव्हतं, ते समोरासमोर करायचं होतं, म्हणून तुम्ही गप्प बसला होतात. एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं, आणि मी बसले होते तिथून तुमची रिकामी खुर्ची दिसत होती.

मी म्हणाले, भाभी, पण मी त्यांची सही केली. भाभींना त्याचं काहीच वाटलं नाही. चक्क हसल्या, तीन दिवसांत पहिल्यांदा असं नसरीन नंतर म्हणाली.

'सही तो मेरे कू भी आती उनकी,' त्या म्हणाल्या. 'बच्चियों की प्रगतीपुस्तक पे मैंच करती थी. सही का गुस्सा नै था, सुनंदाबाई. पूछे नै, उसका गुस्सा था.'

विचारलं नाही, त्याचा राग. बावीस वर्षं ओळखते मी तुम्हाला, आणि हे मला भाभींनी सांगावं लागलं. तुम्हाला पाच ओळींचं एवढं नव्हतंच. बेचिराखचंही नव्हतं बहुतेक. शुक्रवारी तीन वाजता कोणीतरी समोर बसून, बोला मुनीर सर, तुमचं काय म्हणणं, असं विचारावं, एवढ्यासाठी तुम्ही तो कोश काढला होतात आणि तो एक शब्द चार वर्षं डब्यात ठेवला होतात. आणि मी नेमकं तेच करायचं टाळलं.

आज शनिवार आहे. काळे अकरा वाजता फोन करणार होते, मशीन थांबवून ठेवलं होतं त्यांनी दोन दिवस, तुमच्यासाठी म्हणून. सकाळी मी टेबलाशी बसले, कोरं कार्ड घेतलं आणि तुम्हाला विचारलं. अगदी मोठ्यानं, घरात कोणी नव्हतं. पहिल्या ओळीत माझा नाश आणि पडझड राहू द्या. दुसरी ओळ तुमची, मुळात हाकलून दिलेल्या माणसाचे हाल. तिसरीत समुद्रानं काठावर आणून टाकलेलं, जहाजाचं किंवा शेवाळ. हे दोन चुलतभाऊ आहेत हे कंसात. आणि बेचिराख नको, त्यावर मी हटणार नाही. बोला मुनीर सर, तुमचं काय म्हणणं?

खाली माझी सही केली. निळी. हिरवं पेन शेजारीच होतं. त्याला हात लावला नाही.

अकरा वाजेपर्यंत मी वाट बघितली, सर. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असता. कुठल्या ओळीवर अडला असता, बेचिराखसाठी कुठल्या दप्तराचा दाखला काढला असता, सगळं पाठ आहे मला. पण ते माझं झालं, तुमचं नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी काळ्यांचा फोन आला. मी म्हणाले की तो शब्द काढून टाका. ते म्हणाले, मॅडम, पानावर दोन ओळींची जागा मोकळी दिसेल, दुसरं काही देता का? मी नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, का काढायचा, सगळं तर झालं होतं.

मी म्हणाले, 'सरांची सही नाही त्यावर.'

ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि तेव्हा, बुधवारी सकाळी नसरीननं मला काय सांगितलं होतं, ते मला कळलं.